‘अजून एक’साठी जतपर्यंत

लोणंदहून जतला कुणी सहलीला जात नाही. मी गेले, तेही एका रेकॉर्डसाठी. पुण्यातल्या एका ऑल्टरनेटिव्ह रॉक बँडनं एकाच कार्यक्रमाचा लाइव्ह अल्बम काढला, मोजक्या तबकड्या छापल्या आणि बँड फुटला. त्यात टाळ्यांच्या मधोमध ‘अजून एक’ ओरडणारा माझा धाकटा भाऊ अमेय. तो आता नाही. त्याच्या आवाजाचं दुसरं काहीच आमच्याकडे उरलेलं नाही. जतच्या एका स्पीकरवाल्याकडे ती रेकॉर्ड आहे असं कळलं आणि मला घरात बसवेना.

फलटणपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव खाल्ला. पेट्रोल तिथंच भरून घ्या. विट्याला पिठलं-भाकरी चांगली मिळते, मी निम्मी टाकून उठले. कवठेमहांकाळच्या पुढं रस्ता मोकळा, पण मेंढरं आडवी आली की हॉर्नला कुणी विचारत नाही. थांबले चडफडत.

त्या स्पीकरवाल्या इकबालचाचांचं दुकान भोंग्यांनी भरलेलं.

“हाय की रेकॉर्ड. गाणी न्हाई वाजवली कवा, लय गोंगाट.”

“मग ठेवलीत कशाला?”

“टाळ्यांसाठी. सत्काराला लोकं हाताची घडी घालून बसत्यात. पावणा हार घालून हुबा, समदं गप. मग मी ह्या टाळ्या सोडतो.”

त्यांनी सुई ठेवली. टाळ्या वाजल्या आणि मग नुसती खरखर. नेमकी अमेयची जागा झिजलेली. मला असा संताप आला की रडूच फुटलं. कसंबसं त्यांना सगळं सांगितलं.

चाचा खाली बसले. “त्यो पोरगा गेला व्हय? आवं ताई, त्याला हितं समदी वळखत्यात. सांजच्याला थांबा.”

संध्याकाळी शेजारच्या गावात निवृत्त होऊन आलेल्या एका जवानाचा सत्कार होता. हार पडला, चाचांनी टाळ्या सोडल्या. खरखर आली तशी म्हातारीकोतारीसकट सगळी सभा ओरडली, “अजूऽऽन एक!” रेकॉर्ड झिजण्याआधी ऐकून ऐकून पाठ झालेला तो ‘जू’, अमेय ओढायचा तसाच. मी फोनवर ते रेकॉर्ड करून घेतलं.

रेकॉर्ड मी मागितली नाही. तिथं तिचं काम चालू आहे.

घरी आले आणि चप्पलही न काढता आईच्या कानाशी फोन धरला. वाटलं, म्हणेल, ह्यात आपला अमेय कुठाय? तिनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

“अजून एकदा लाव,” म्हणाली.