नदीपलीकडची दोन फाटकं

कन्हानचं ते प्रकरण आठवलं की मला आधी डांगराची, म्हणजे तिकडच्या खरबुजाची, चव आठवते आणि लगेच थोडी लाज वाटते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नवा फौजदार होतो. वर्दीची इस्त्री मोडू नये म्हणून जीपमध्येही ताठ बसायचो.

नदीकाठच्या एका खासगी कोळसा डेपोत माल कमी भरत होता. तिथल्या मुन्शीने मालकातर्फे फिर्याद दिली आणि संशय एकाच माणसावर घेतला, चौकीदारावर. डेपोला दोन फाटकं होती. पुढचं रस्त्यावर उघडायचं, मागचं नदीकडे. मागच्या फाटकाला कायम कुलूप असे. त्याची एक किल्ली मुन्शीकडे आणि दुसरी चौकीदाराच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. मुन्शीचं म्हणणं असं की, सकाळी तो मजुरांची हजेरी घेत असतो तेव्हा चौकीदार मागे जाऊन चोरीच्या मालाचा ट्रक सोडतो.

चौकीदार पन्नाशीचा होता. तीन दिवस रोज दुपारी त्याला ठाण्यात बोलावलं.

"किल्ली तुझ्याच खोलीत होती ना?"

"होती साहेब. मी पुढच्या फाटकावरून हाललो नाई."

"मग मागचं फाटक कोणी उघडलं?"

"मले नाई माहीत. मी पुढच्या फाटकावरून हाललो नाई."

काहीही विचारा, गाडी त्याच वाक्यावर. मी ठरवून टाकलं की याला हे वाक्य कोणीतरी पढवलं आहे. त्याच्यावर हात उचलला नाही, पण जबाब घेताना दोन-दोन तास उभं ठेवलं, आणि मारत नाही म्हणून स्वतःला सज्जनही समजत होतो. त्याची बायको बाहेर कडुनिंबाखाली बसलेली असे. एकदा दारात येऊन म्हणाली, "साहेब, त्याईले बसू द्या. त्याईचे पाय सुजतात." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

डेपोच्या आवारातली एक खोली हेच त्या दोघांचं घर होतं. आरोपपत्र गेलं की नोकरी आणि खोली एकाच दिवशी जाणार, हे मालकाने स्पष्ट सांगितलं होतं. ठाणेदार साहेबांनी मला पुरावा गोळा करायला आठ दिवस दिले. तोवर चौकीदाराला कामावर राहू द्यायचं ठरलं. संशयित जागेवर असला की खरा चोरही निर्धास्त राहतो, असं ते म्हणाले. मी मनात म्हटलं, खरा चोर तर रोज आपल्यासमोर उभा असतो.

चौथ्या दिवशी डांगरं विकणारी एक म्हातारी टोपली घेऊन ठाण्यात आली. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत तिची डांगरवाडी असे. टोपली उतरवता उतरवता हळूच म्हणाली, "तुमी भलत्याच माणसाले उभं करून राहिले साहेब. मागचं फाटक तो टोपीवाला उघडते."

डेपोत रुंद काठाची, उन्हात घालायची सोला टोपी एकटा मुन्शी घालायचा.

"मावशी, हे कोर्टात सांगशील?"

"नाई सांगत. माह्या वेली त्याच्याच फाटकाखाली आहेत. उद्या ट्रक घालन वरून."

स्टेशन डायरीत नोंद करून मी साहेबांपुढे उभा राहिलो. अडचण अशी की डेपोभोवती उघडं माळरान होतं. जीपची धूळ दिसली की फाटक बंद. शिपायाने नदीपलीकडून पाहिलं म्हणावं, तर वकील त्याची दोन मिनिटांत फजिती करणार. फोटो हवा होता. पण आमची लांब पल्ल्याची लेन्स दुरुस्तीसाठी मुंबईला गेलेली. उरला एक फोटोग्राफर हवालदार आणि त्याची मॅक्रो लेन्स. बारा वर्षं या माणसाने पेल्यांवरचे आणि कपाटांवरचे बोटांचे ठसे टिपले होते.

"साहेब, हे लेन्स वीतभरावरचं पाहते," तो म्हणाला. "याच्यातून नदीपल्याडचं काय दिसन?"

"जाऊन तर पाहू," मी म्हणालो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हातारीची झोपडी अलीकडे, नदीच्या वळणावरच्या उंच दरडीवर होती. डांगरं घ्यायला आल्यासारखे आम्ही साध्या कपड्यांत गेलो. डेपोची पूर्ण लांबी तिथून आडवी दिसत होती, डावीकडे पुढचं फाटक, उजवीकडे मागचं. हवालदाराने तिपाईवर कॅमेरा लावून डोळा लावला आणि मान हलवली. मी पाहिलं. नुसतं धुकं. त्याने लेन्स पार टोकापर्यंत फिरवली, धुकं तसंच. "म्हटलं होतं ना," म्हणून तो सावलीत जाऊन बसला.

म्हातारीने डांगर चिरून दोघांपुढे ठेवलं. मग कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारून तिने विचारलं, "आणि हे मधातलं कडं कायचं गा?"

हवालदाराचं चावणं थांबलं. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बोटभर रुंदीचं एक पोकळ कडं होतं. ठसे मोठे दिसावेत म्हणून लेन्स पुढे सरकवायला ते लावतात. ते असेपर्यंत दूरचं काहीच दिसत नाही. आधीच्या माणसाने लावलेलं ते कडं बारा वर्षांत याने एकदाही काढलं नव्हतं. "चार्जमध्ये असंच भेटलं होतं साहेब," तो पडेल आवाजात म्हणाला. "यादीत लिहिलं होतं, कॅमेरा लेन्ससह, एक नग."

मी पोट धरून हसलो. आज वाटतं, तेव्हा हसायचा हक्क मला नव्हता.

कडं काढलं आणि डेपो समोर आला. तरी काम सोपं नव्हतं. मॅक्रो लेन्सचं फिरणं जवळच्या वस्तूंसाठी राखलेलं असतं. वीतभरावरून हातभरावर यायला अर्धा फेरा लागतो आणि नदीपलीकडचं सगळं शेवटच्या केसभर जागेत बसतं. शिवाय ही लेन्स टोकाला टेकवली की त्या जागेच्या थोडी पुढेच जात होती. हवालदाराने डेपोच्या पाटीवरची काळी अक्षरं धरली. अक्षरं धूसर झाली की तो मागे येई, पुन्हा धूसर झाली की पुढे जाई. असं करत त्याने ती नेमकी जागा पकडली आणि लेन्स हलू नये म्हणून वर चिकटपट्टी लावली. इतक्यात ऊन चढलं आणि तापलेल्या हवेत अक्षरं नाचायला लागली. "आता राहू द्या," तो म्हणाला. "उद्या सकाळच्या थंड हवेत येऊ." माणूस आता रंगात आला होता. मला त्याचा हेवा वाटला.

ट्रक आठच्या सुमारास निघतो, असं म्हातारीनेच सांगितलं होतं. दोन सकाळी कोरड्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मागचं फाटक उघडलं. हवालदाराने दोन्ही फाटकं स्पष्ट यावीत म्हणून लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि वायरीचं बटण दाबून, कॅमेऱ्याला हात न लावता, सहा फोटो घेतले.

मुख्यालयातल्या डार्करूममध्ये मी ओल्या कागदावर वाकून उभा होतो. उजवीकडे उघडं फाटक, बाहेर आलेलं ट्रकचं तोंड आणि फाटकावर हात ठेवून उभी सोला टोपी. डावीकडे पुढच्या फाटकाशी स्टुलावर बसलेला चौकीदार, मांडीवर आडवी काठी. चेहरे ओळखू येत नव्हते. पण लांब पल्ल्याच्या लेन्सने एकच फाटक घेतलं असतं. इथे दोन्ही एकाच वेळी एकाच फोटोत होती.

मुन्शीला मी खुर्ची दिली, चहा दिला आणि बोलू दिलं. तो भरभरून बोलला. चौकीदाराचं डोकं कधी दुखत होतं, त्याला गोळी कोणी दिली, तो मागे जाताना काय पुटपुटला, सगळं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की खोटं बोलणाऱ्याकडे सांगण्यासारखं फार असतं. मग ठसे पाहायचं भिंग आणि फोटो त्याच्यापुढे ठेवला.

"चौकीदार तर इथे पुढे बसलाय. मागे कोण आहे?"

त्याने भिंग फोटोवर धरलं. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलाखाली ठेवली आणि पाणी मागितलं. ट्रक त्याच्या साळ्याचा होता, कोळसा वीटभट्ट्यांवर जात होता. मागच्या फाटकाची त्याच्याकडची किल्ली पंचांसमक्ष जप्त झाली. म्हातारीला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

पुढे कोणी एकच साधं वाक्य पुन्हा पुन्हा सांगू लागला की मी त्याला आधी बसायला सांगायचो आणि स्वतः उठून जागा पाहायला जायचो. तीन दिवस तो चौकीदार माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मला तो दिसला नदीपलीकडून.

निकालानंतर हवालदाराने त्या फोटोची आणखी एक प्रत काढली. ती घेऊन मी चौकीदाराच्या खोलीवर गेलो. त्याने घाईघाईने स्टूल पुढे केलं. मी म्हणालो, "तुम्ही बसा." त्याच्या बायकोने फोटो दारातल्या उजेडात धरला.

"तुमचा पहिलाच फोटो," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याच्यातबी एवढुसेच दिसता."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण बसून आहेत साहेब. तुमच्याकडे तर उभेच होते."