वाल्पुर्गाकाकूचा अंगठा

येना या विद्यापीठाच्या गावात मी जिच्याकडे भाड्याने राहायचो, ती वाल्पुर्गाकाकू खाटकाची विधवा. नवरा मेल्यापासून डुकरं तीच कापायची आणि आम्हा विद्यार्थ्यांकडेही त्याच नजरेने बघायची.

त्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी लिहिलं, की देव म्हणजे वर बसलेला कुणी नाही. माणूस कर्तव्य करतो, तेव्हा जी नैतिक व्यवस्था उभी राहते तोच देव. झालं, गावभर डोकी फुटली! काकूकडचे दोघे, परगावच्या पाद्र्याचा मुलगा लेब्रेख्ट आणि प्राध्यापकांचा भक्त योब्स्ट, भरदुपारी खोलीतच तलवारी घेऊन भिडले. मी मध्ये पडेपर्यंत योब्स्टचं पातं लेब्रेख्टच्या छातीत घुसलं होतं.

आरडाओरडा ऐकून काकू रक्ताळलेल्या हातांनीच धावत वर आली. तिने योब्स्टच्या अशी थोबाडीत दिली, की त्याचा दात भिंतीवर आपटला.

"तुझा देव कर्तव्यात ना रे, मुडद्या? मग पळ, वैद्याला आण!"

आणि लेब्रेख्टच्या जखमेत तिने अंगठा खुपसला. रक्त थांबलं.

योब्स्ट पळाला तो थेट गावाबाहेर. वैद्याऐवजी शेजारचा पाद्रीच आला. लेब्रेख्टचा पांढराफटक चेहरा बघून तो म्हणाला, "बाई, आता हात जोडा आणि देवाची प्रार्थना करा."

"हात जोडायला अंगठा काढावा लागेल," काकू खेकसली, "आणि अंगठा काढला की पोरगं मरेल. तुमच्या देवाला सांगा, काकूला सवड नाही."