मोटारीची चार टोपणं

फाट्!

भर उन्हात सायकलची ट्यूब फुटते ना, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तुम्ही चहा घ्या, मी माझा गाढवपणा सांगतो.

साठ सालाच्या आसपास मी अमरावतीच्या एका कॉलेजात सायकली सांभाळायचो. वलगावची, बडनेऱ्याची पोरं सायकलीवर यायची, निम्मे प्रोफेसरही. स्टँडला छप्पर नव्हतं. उन्हाळा लागला की ट्यूबा फुटायच्या आणि पोरं सायकल ढकलत घरी जायची. जीव तुटायचा हो माझा.

माझा नियम एकच. कुणी रांग मोडून सायकल लावली की मी चाकातल्या हवेचा वॉल काढून खिशात टाकायचो. मालकाने हात जोडले की वॉल परत, वर हवाही मीच भरून द्यायचो. प्रोफेसरांनाही सूट नव्हती.

एके दिवशी कानावर आलं, कॉलेज कमिटीचे नानासाहेब मोर्शीहून मोटारीने स्टँडची जागा पाहायला येणार. मोटारवाला माणूस सायकलींची जागा कशाला पाहील? मी मनाशी धरलं, इथे आता मोटारीचं गॅरेज होणार. मग पोरांनी सायकली काय डोक्यावर ठेवायच्या?

दुपारी काळी मोटार आली ती थेट स्टँडमध्ये, तीन रांगांना आडवी. नानासाहेब आत गेले, ड्रायव्हर चहाला गेला. नियम म्हणजे नियम. वॉल काही निघेना, म्हणून चारही चाकांच्या वॉलची टोपणं काढून खिशात टाकली आणि खिळ्याने दाबून हवा सोडली. मोटार म्हशीसारखी खाली बसली.

नानासाहेब प्राचार्यांबरोबर बाहेर आले. मी मोटारीपुढे उभा.

"रांग मोडली जी तुमी. हात जोडा, मंग हवा भरून देतो."

प्राचार्य पांढरे पडले. "अरे बाबा, हे तुझ्याच स्टँडवर छपराची टिनं टाकून देणार आहेत. कागदावर सही तेवढी राहिली आहे."

तरी मी मान खाली घातली नाही. "टिनं टाका का नका टाकू, मोटार आडवीच होती ना जी?"

तरी धावत पंप आणला. तेव्हा कळलं, सायकलचा पंप मोटारीच्या चाकाला लागतच नाही. आता हे मला कोण सांगणार होतं? तिकडे नानासाहेबांचे जावई स्टेशनवर उतरायची वेळ झालेली.

"माही सायकल घेऊन जा ना जी," मी म्हटलं. "जावईबापू मांगं कॅरिअरवर बसतीन."

नानासाहेबांनी खरंच हँडल धरलं.

फाट्!

मागचं चाक. नानासाहेबांनी सायकलीकडे पाहिलं, वर सूर्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. प्राचार्यांच्या हातातला कागद घेतला, तापलेल्या सीटवर ठेवून सही केली. आणि माझ्याकडे वळून सावकाश हात जोडले.

नियमाप्रमाणे आता हवा भरून द्यायची पाळी माझी होती. मी खिशातली चारही टोपणं काढून त्यांच्या ओंजळीत ठेवली. ती मुठीत धरून नानासाहेब त्या उन्हात स्टेशनच्या रस्त्याने चालू लागले.