हिस्के वियार्दाची होडी

हिस्के वियार्दा आमच्या शाळेत आली तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. तिच्याआधी तिच्या टाचांचा आवाज आत आला. लेउवार्डन शहरातल्या एका मोठ्या शाळेत तिने उभा जन्म गणित शिकवलं होतं. तो आवाज जिन्यावर आला की तिथली पोरं म्हणे तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकायची. पुढे ती शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली. दोन-दोन गणितवाल्या बायका कशाला, असं वरच्यांना वाटलं आणि हिस्केला फुलांचा गुच्छ देऊन घरी बसवलं. घरी बसणं तिला जमेना. आमची जाहिरात पाहून ती सायकलवरून, समोरून येणारा वारा अंगावर घेत, थेट आमच्या दारात उभी राहिली.

आमच्याकडे मोठ्या माणसांना नोकरीवर घ्यायचं की नाही हे मुलं ठरवतात. मीही तसाच निवडून आलो होतो, सूप शिजवायला आणि गिटार शिकवायला. हिस्केची मुलाखत घेणाऱ्यांत यिल्दू होती. वय वर्षं दहा, पुढचा एक दात पडलेला आणि जीभ कात्रीसारखी.

"आम्ही तुझ्या तासाला आलोच नाही तर तू काय करशील?" यिल्दूने विचारलं.

"पहिली गोष्ट, मला 'तू' म्हणायचं नाही. 'बाई' म्हणायचं, आणि 'तुम्ही'."

"बरं. मग तुम्हीही मला 'यिल्दूताई' म्हणा. आणि 'अहो'."

हिस्केने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. शेवटी हिस्के म्हणाली, "वाट बघीन."

"म्हणजे?"

"तू विचारलंस ना, तासाला आला नाहीत तर काय करीन? वाट बघीन."

मतदानात ती काठावर पास झाली. यिल्दूने हात वर केला होता. नंतर मी कारण विचारलं तर म्हणाली, "हिला चिडवायला मजा येईल, रिन्स."

पहिल्याच आठवड्यात हिस्केने दारावर कागद लावला: अंकगणित, रोज नऊ वाजता. नऊला ती खोलीत जायची, फळा पुसायची, खडूला टोक काढायची. कुणीही यायचं नाही. आमच्याकडे घंटा नाही, सक्तीचा तास नाही. ज्याला जे शिकायचंय ते त्याने शोधावं, मागावं, नाहीतर दिवसभर झाडावर बसून राहावं. बाहेर पोरं चिखलात धरण बांधत होती आणि आत हिस्के रिकाम्या बाकांची हजेरी घेत होती. खोटं नाही सांगत, मी स्वतः ऐकलंय. "गैरहजर," असं ती मोठ्याने म्हणायची, दर वेळी तितक्याच ठसक्यात.

एकदा कॉफी प्यायला ती स्वयंपाकघरात आली. मी वाटाण्याचं सूप ढवळत होतो.

"इथे मी नेमकं करायचं काय?" तिने विचारलं.

"कुणी मागितलं तर शिकवायचं. तोवर तुला जे करावंसं वाटतं ते कर."

"मला जे करावंसं वाटतं ते," ती म्हणाली. एखादं अवघड गणित दोनदा वाचून बघावं तसं तिने ते वाक्य पुन्हा म्हटलं. कॉफी तशीच ठेवून ती निघून गेली.

त्या गुरुवारी शाळासभेत तिने हात वर केला. आमची सभा म्हणजे सगळी शाळा. सहा वर्षांच्या पोरालाही एक मत, हिस्केलाही एकच. अध्यक्ष होता सीब्रेन, तेरा वर्षांचा लंबूटांग मुलगा. हातोडी आपटायची हौस भारी, म्हणून निवडून आलेला.

"कालव्याकडची मागची खोली मला हवी," हिस्के म्हणाली. "नियम अकरा. कुणाही सदस्याला स्वतःच्या अभ्यासासाठी खोली घेता येते आणि दार बंद ठेवता येतं."

नियम अकरा म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. हिने नियमांचं सगळं बाड रात्री बसून पाठ केलं होतं. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीतून आवाज यायला लागले. करवत. ठोकाठोक. मधूनच आमच्या फ्रिशियन बोलीतली खास शिवी, तीही इतकी जुनी की माझ्या आजोबांनंतर मी ती ऐकली नव्हती. मग डांबराचा वास. धरण बांधणारी पोरं एकेक करून त्या दाराशी घुटमळायला लागली. हिस्के संध्याकाळी बाहेर यायची, केसांत भुसा, दाराला कुलूप, चेहरा कोरा.

यिल्दू किल्लीच्या भोकाला डोळा लावून बसलेली सापडली. हिस्केने रीतसर तक्रार केली. तक्रार समितीने यिल्दूला शिक्षा दिली, आठवडाभर त्या दारासमोरची जागा झाडायची. यिल्दूला तर लॉटरी लागली. ती रोज दाराखालून आलेला भुसा खिशात भरून आणायची आणि जेवणाच्या टेबलावर मांडून सगळ्यांना दाखवायची. "ओक आहे," ती म्हणायची. "लांब फळ्या आहेत. आणि डांबर." मग आवाज खाली आणून, "ती शवपेटी करतेय."

अफवा सूप निवायच्या आत शाळाभर झाली. हिस्केच्या कानावर गेली तेव्हा तिने काही खुलासा केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत ती सीब्रेनच्या मागे उभी राहिली, त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तुझी उंची किती रे?"

सीब्रेनच्या हातातला ब्रेड खाली पडला.

मग ती यिल्दूकडे वळली. "सरळ उभी राहा. हं. हातपाय दुमडले तर मावशील."

त्या दिवशी माझं निम्मं सूप उरलं.

पुढच्या सभेत यिल्दूने विषय मांडला. "हिस्केने सांगावं की ती शवपेटी आहे का, आणि असेल तर कोणाची."

"नियमाप्रमाणे मला उत्तर द्यावंच लागतं का, अध्यक्ष?" हिस्केने विचारलं.

सीब्रेनने कागद चाळले. "नाही."

"मग नाही देत."

"हे चीटिंग आहे!" यिल्दू ओरडली.

"हा नियम आहे," हिस्के म्हणाली. "तुम्हीच केलेला. छान आहे हो, मला आवडला."

असं महिनाभर चाललं. एका दुपारी मी भाजीची सालं टाकायला मागे गेलो तर यिल्दू त्या दारासमोर उभी. झाडू हातात नव्हता. शिक्षा केव्हाच संपली होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर ती बराच वेळ झुलत राहिली. मग तिने दार वाजवलं.

"कोण?"

"मी. यिल्दू." जरा थांबून, दात खाऊन, "बाई, मी आत येऊ का?"

आतली ठोकाठोक थांबली. दार उघडलं. हिस्केच्या नाकावर डांबराचा ठिपका होता. "आल्या का यिल्दूताई," ती म्हणाली. "या हो. पाय जपून टाका."

आत होडी होती. उलटी मांडलेली, सांगाडा पुरा झालेला, निम्म्या फळ्या बसलेल्या. काही फळ्या फाटून कोपऱ्यात पडल्या होत्या, त्यांचा चांगला ढीग होता.

हे सगळं ती कुठून शिकली, ते त्या दुपारी तिने यिल्दूला सांगितलं. कुठूनच नाही. तिचे वडील ग्राऊ गावात होड्या बांधायचे. भाऊ दाउवेला कारखान्यात प्रवेश होता. हिस्के दारात आली की वडील म्हणायचे, "पोरीची जात, हाताचं बोट तुटेल, जा, आईजवळ बसून हिशेब कर." तिने हिशेब केले. इतके केले की त्यांच्यावरच जन्म निघाला. आता पहिल्यांदाच कुणीतरी तिला म्हटलं होतं की तुला हवं ते कर. मग हवं ते हेच निघालं.

"पण तुला येत नाहीये," फाटलेल्या फळ्यांकडे बघत यिल्दू म्हणाली.

"नाही येत," हिस्के म्हणाली. "धर ते टोक."

त्यानंतर खोलीला कुलूप लागलं नाही. पोरं फळ्या वाफवायची, वाकवायची, बोटं ठेचून घ्यायची. त्या वसंतात आमच्याकडे शिकून शहाणं कुणी झालं की नाही माहीत नाही, पण शिव्यांचा साठा सगळ्यांचाच वाढला.

होडी पाण्यात सोडायचा दिवस ठरला. सगळे जमले, मी केक केला. दहा-बाराजणांनी होडी उचलली, दाराशी आणली आणि थांबले. आडवी केली. तिरकी केली. परत मागे नेली आणि पुन्हा आणली.

होडी दारातून जाईना. शेवटी यिल्दूने तोंड उघडलं. "बाई, तुम्ही गणिताच्या ना?"

"होडी मी मिलिमीटरपर्यंत मोजली आहे," हिस्के ताठ मानेने म्हणाली.

"आणि दार?"

हिस्केच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तिथेच, होडीच्या भोवती, तातडीची सभा भरली. होडी कापायची की भिंत पाडायची? हिस्केने स्वतः होडी कापायच्या बाजूने भाषण केलं. भिंत सगळ्यांची आहे, चूक तिची आहे, असं चांगलं मुद्देसूद. मतदान झालं. होडी कापावी, या बाजूने एकच हात वर आला आणि तो तिचाच होता. सीब्रेनने हातोडी आपटली आणि मग तीच हातोडी घेऊन तो भिंतीकडे गेला.

होडी पाण्यात गेली. हिस्के आत बसली, पाठ सरळ, वल्ही हातात. कालव्याच्या मध्यावर जाईपर्यंत पाणी तिच्या घोट्यांपर्यंत आलं. वळून येईपर्यंत मांडीपर्यंत. ती वल्हवत राहिली. शेवटी होडी तिच्यासकट चिखलात सावकाश बसली, आणि हिस्के कमरेइतक्या पाण्यात, बसायच्या फळीवरून न उठता, इतकी हसली की तिला बाहेर काढायला गेलेली पोरंही पाण्यात पडली.

काठावर एक म्हातारा उभा होता. दाउवे, तिचा भाऊ. बातमी ऐकून ग्राऊहून आला होता. होडी ओढून वर काढल्यावर तो तिच्याभोवती फिरला, सांध्यांत नख घालून बघितलं आणि म्हणाला, "ही होडी नाही, चाळणी आहे."

हिस्के काही बोलायच्या आत यिल्दू पुढे झाली. "तुझ्यावर तक्रार आहे, आजोबा. शाळेच्या आवारात सदस्याचा अपमान."

"अगं पण मी पाहुणा आहे."

"पाहुण्यांनाही नियम लागतात. विचार हिला, हिला पाठ आहेत."

"लागतात," ओली हिस्के म्हणाली. "नियम चार."

आयुष्यभर होड्या बांधलेला तो सत्तरीचा माणूस पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन, चार पोरांच्या समितीपुढे बसला. शिक्षा ठरली: होडीत पाणी शिरायचं थांबेपर्यंत दर बुधवारी यायचं आणि सांधे कसे भरायचे ते दाखवायचं. आधी तो भडकला, मग केकचा तुकडा मागून घेतला, आणि बुधवारी काथ्या आणि डांबर घेऊन हजर झाला.

दोघं भावंडं एकत्र काम करायला लागली आणि शाळेची शांतता गेली. "हातोडी अशी धरतात का?" "तू मला शिकवू नकोस." "मग कुणी शिकवायचं?" "तेव्हा शिकवायचं होतंस!" यावर दाउवेने हातातला काथ्या वळून संपवला, मग स्वतःची हातोडी तिच्यापुढे सरकवली. पाच मिनिटांनी पुन्हा भांडण सुरू. पोरांनी वैतागून ठराव केला की वियार्दा भावंडांनी दार लावून भांडावं.

पुढच्या वसंतात होडी पुन्हा पाण्यात गेली, तेव्हा तळ कोरडा राहिला. दाउवे सुकाणूजवळ बसायला गेला तर हिस्के म्हणाली, "उठ तिथून." तो उठला. यिल्दू, सीब्रेन आणि आणखी दोघं तिघं घुसली आणि होडी कालव्यातून तळ्याकडे गेली.

तो गुरुवार होता. दर वर्षी याच सुमारास सभेत मोठ्यांना पुन्हा ठेवायचं की नाही, यावर मतदान होतं. माझं नाव झालं, मग हिस्केचं आलं. हजर असलेल्या सगळ्यांनी हात वर केले. ती, तिचा भाऊ आणि खुद्द अध्यक्ष तळ्यावर होते, त्यामुळे हातोडी मलाच आपटावी लागली.

निकाल काय लागला हे तिने मला सोमवारी विचारलं, तेही कॉफी ओतून घेता घेता.