द्राक्षांच्या गावातले चार दिवस

आई गेली त्या दिवशी मी इटलीत होतो. धारगळच्या घरी माझा धाकटा भाऊ वसंत होता. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही – वसंतलाही नाही, आणि आता तो ऐकायला नाही.

आधी इटलीतल्या त्या गावाबद्दल सांगू का? सांगतोच. तिथला पिएत्रो नावाचा म्हातारा दर हिवाळ्यात आमच्याकडे मांद्र्याला येऊन राहायचा. मी शाळामास्तर, त्याला देवनागरी वाचायला शिकवली. द्राक्षं तोडायला ये, म्हणून त्यानं मला बोलावलं.

आल्प्सच्या एका अरुंद खोऱ्यातलं गाव. डोंगराला दगडी बांध घालून पायऱ्या केलेल्या, पायरीपायरीवर वेली. सकाळी धुकं खाली नदीवर बसलेलं असायचं आणि आम्ही त्याच्या वर – जणू गाव कुठे टेकलेलंच नाही. चर्चची घंटा वाजली की समोरच्या डोंगरावरून परत यायची. गल्ल्यांतून आंबूसगोड वास यायचा, आमच्याकडे काजूची बोंडं तुडवताना येतो तसाच. तिथं मला कुणी मास्तर म्हणत नव्हतं. कुणाचा थोरला मुलगाही मी नव्हतो. कळतंय ना, मी कुठे चाललोय ते?

फोन पिएत्रोच्या स्वयंपाकघरात आला. टोपली अजून माझ्या खांद्यावर होती.

"दादा, आई गेली," वसंत म्हणाला. "तू केन्ना पावता? आमी बर्फ घालून दवरतांव."

केव्हा पोचेन ते विचारून सांगतो म्हटलं. चौकातल्या तिकिटांच्या दुकानातली बाई म्हणाली, उद्याच्या विमानात जागा आहे. आहे – दोनदा म्हणाली, मला कळलं नाही असं वाटून. परवा मी घरी असतो.

मी त्यानंतर चार दिवसांनीचं मागितलं. वसंतला सांगितलं, तिकीट मिळत नाही.

त्याची बायको शैला तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. बायको पोटुशी असताना नवऱ्यानं प्रेताला अग्नी द्यायचा नाही, पोटातल्या बाळाला बाधतं, अशी आमच्याकडची रीत. ती मला ठाऊक होती – फोन हातात होता तेव्हाही ठाऊक होती. वसंत म्हणाला, "जांव दी. हांव दितां उजो. तू थंय रडत बसूं नाका. जेव."

मी जेवलो. आणि चार दिवस द्राक्षं तोडली. का? मी परतेपर्यंत आई घरी असणारच आहे, असं काहीतरी त्या धुक्यात वाटत होतं – पण हे मी मागाहून रचलेलं नाही कशावरून? खरं एवढंच, की मला ते गाव सोडवलं नाही.

परतलो तेव्हा वसंतच्या डोक्यावर केस नव्हते. शेजारची म्हातारी शैलाच्या देखत, तिच्या पोटाकडे बघत त्याला म्हणाली, "भुरग्याक येवंक तरी दिवपाचें मरे, मागीर मसणांत वचपाचें."

वसंत हसला. "दादाक तिकीटच मेळूंक ना, आकय. विमान म्हणजे म्हापशाची बस न्हय, हात केलो म्हूण रावपाक."

मी तिथंच उभा होतो. बॅग हातात.

मुलगी धडधाकट जन्मली. पण तिला ताप आला की शैला मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायची आणि वसंत अंगणात जाऊन उभा राहायचा. दर वेळी. मी एक वाक्य बोललो असतो तर? ताप आलाच असता – फक्त त्याचा दोष वसंतच्या हातांना चिकटला नसता.

वसंत यंदा गेला. त्याला मुलगा नव्हता. अग्नी मी दिला. त्याचं घर माझ्या अंगणापलीकडे. वेळेवर पोचलो.

रविवारी मी तिकडे जेवतो. मी घरातला थोरला, म्हणून शैला पहिलं पान अजून मलाच वाढते.