नडगीतली भेग

शिरूर अनंतपाळच्या पुढं सात किलोमीटरवर अंबिकाचं गाव. ती पळायला लागली की शाळेतले मास्तर घड्याळाकडं दोनदा बघायचे, एवढा तिचा पाय हलका. बारावी झाली तसं तिचे वडील महादेवप्पा यांनी तिला लातूरला, औसा रस्त्यावरच्या एका भरती अकॅडमीत घातलं. पोरगी वर्दीत बघायची, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

अकॅडमी आनंदराज सरांची. सर स्वतः फौजेत कधीच नव्हते, पण केस फौजी, बोलणं फौजी आणि गळ्यात सदा शिट्टी. पोरं त्यांना टरकायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. अंबिकाही टाकायची.

फौजेच्या भरतीला तीन आठवडे राहिले असताना तिच्या उजव्या नडगीत कळ निघायला लागली. बोटाएवढीच जागा, पण दाबली की डोळ्यांत पाणी यायचं. तिनं सरांना सांगितलं.

"दुखणं पायात न्हाई, डोक्यात हाय," सर म्हणाले. "पळ."

ती पळत राहिली. भरतीच्या दिवशी सकाळी सरांनी बरोबर आणलेल्या कंपाउंडरनं तिला सुई टोचली आणि कळ गेली. सोळाशे मीटरमधले तेराशे ती सगळ्यांच्या पुढं होती. मग वाळली काडी मोडावी तसा आवाज झाला आणि ती तोंडावर पडली. हाड आरपार मोडलं होतं.

दवाखान्यात सर आले नाहीत. तिची मैत्रीण पुनम फोनवर रडत रडत म्हणाली, की सरांनी सगळ्या बॅचला उभं करून सांगितलं, अंबिकानं दुखणं लपवलं, पोरगी खोटारडी निघाली. महादेवप्पा विचारायला गेले तर सरांनी त्यांना चहा पाजला आणि तेच ऐकवलं. कंपाउंडर तर असली पोरगी आपण बघितलीच नाही म्हणाला. वडील मान खाली घालून परत आले. पाय मोडल्याचं तिला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं त्या खाली घातलेल्या मानेचं लागलं.

पायात सळई बसली, जखम भरली, पण पोटरी वाळून मनगटाएवढी झाली होती. कुणीतरी नांदेडच्या माणिकप्पांचं नाव सांगितलं. फौजेच्या दवाखान्यात बावीस वर्षं जखमी जवानांना पुन्हा पायावर उभं करणारा हा माणूस रिटायर होऊन दोन खोल्यांत तेच काम करत होता. अंबिका मावशीकडं राहून रोज तिथं जायला लागली.

पहिल्याच दिवशी माणिकप्पांनी विचारलं, पाय कशासाठी नीट करायचाय?

"सरांच्या मैदानावर जायचंय, काका."

"पळाया?"

"न्हाई. ते मैदान बंद कराया."

माणिकप्पा हसले नाहीत. जमिनीवर नॅपकिन टाकून तो पायाच्या बोटांनी गोळा करायला त्यांनी सांगितलं. तिला अर्धा तास लागला.

मग आठ महिने हेच. आधी कुबडीवर पाय नुसता टेकवायचा, मग अर्धा भार, मग पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वरखाली. शेजारी लोहा गावचा एक जवान असायचा, बर्फात घसरून गुडघा गमावलेला. तो मोजताना देवाचं नाव घ्यायचा. अंबिका प्रत्येक टाचेला मनात आनंदराज म्हणायची. सळईच्या पायाला फौज घेणार नव्हती हे तिला कळून चुकलं होतं. मग तिनं तिथंच फिजिओ असिस्टंटचा कोर्स केला आणि माणिकप्पांच्या हाताखाली काम शिकली. नुसत्या थकलेल्या नडगीचं दुखणं वीतभर पसरतं आणि भेग पडलेल्या हाडाचं एका टिंबावर येतं, हे ती बोटांनी ओळखायला लागली. ठोकला की थरथरत राहणारा दोन दातांचा लोखंडी चिमटा हाडावर ठेवायचा. भेग असली की पोरगं कळ येऊन ताडकन उठतं.

तिसऱ्या वर्षी तिनं अकॅडमीच्या बरोबर समोर पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं. वर पाटी लावली: भरतीच्या मुलामुलींचे पाय मोफत तपासून मिळतील.

आधी पोरं चोरून आली. पहिल्या महिन्यात चार जणांच्या हाडात भेग निघाली. ती त्यांना डॉक्टरकडं पाठवायची आणि संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी फोन करायची. भरतीच्या दिवशी आपल्याला दिलेल्या सुईचं काय झालं तेही सांगायची, सरांचं नाव घेऊन. आई-बाप यायचे, पोराची पेटी उचलायचे. सहा महिन्यांत अकॅडमी निम्मी झाली. रोज सकाळी मैदानावरची रांग किती आखूड झाली हे ती शेडच्या दारातून बघायची आणि तिला चहा गोड लागायचा.

एक दिवस सर रस्ता ओलांडून आले. तिला काय पाहिजे म्हणाले.

"मैदानावर उभं राहून सांगा, सुई तुम्ही दिली."

"ते जमायचं न्हाई."

"मग माझंबी थांबायचं न्हाई."

सरांची सगळी भिस्त आता सत्यम नावाच्या पोरावर होती. पळण्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो निवडला गेला असता तर अकॅडमी पुन्हा भरली असती. वयाच्या हिशेबानं फौजेची ही त्याची शेवटची भरती. आठ दिवस आधी तो पाय दुखतो म्हणून शेडमध्ये आला. अंबिकानं दाबून बघितलं. दुखणं वीतभर पसरलेलं. चिमटा ठेवला, सत्यम हललासुद्धा नाही. दोन दिवस विसावा घेतला असता तर पाय मोकळा झाला असता, हे तिला कळलं.

"पळू नको," ती म्हणाली. "मोडंल."

तिचा स्वतःचा पाय सगळ्यांना माहीत होता. सत्यमनं ऐकलं. त्या वर्षी अकॅडमीचं एकही पोरगं लागलं नाही, आणि दिवाळीनंतर फाटकाला कुलूप पडलं. अंबिकानं पेढे आणले आणि पहिला पेढा घेऊन नांदेडला गेली.

माणिकप्पांनी पेढा हातात धरून सत्यमबद्दल बारकाईनं विचारलं. ती खोटं बोलू शकली नाही. त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला.

"तुझ्या सरानं दुखतंय म्हणणाऱ्याला पळवलं, तू पळणाऱ्याला बसवलंस. जा, त्या पोराला सांगून ये."

चार दिवस ती गेली नाही. पाचव्या दिवशी लोह्याच्या बसनं सत्यमच्या गावी गेली. तो गोठ्यात होता. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पोलीस भरतीचं वय अजून आहे, फुकट तयारी करून घेते, असंही म्हणाली.

"तवाच माहीत होतं तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"हाव."

त्यानं शेणाची पाटी उचलली आणि तो पलीकडं निघून गेला. त्याची आई चतुराबाई ओसरीवर सगळं ऐकत होती. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

सत्यम तयारीला आला नाही. शेड अजून चालतं. कुणालाही पळू नको म्हणायची वेळ आली की अंबिका आता स्वतःवर विसंबत नाही, डॉक्टरची चिठ्ठी आल्यावरच बोलते. सत्यमचं तिला फार लागलं, आजही त्याचं नाव निघालं की ती उठून जाते. आनंदराज सरांचं मात्र काडीचंही लागलं नाही. परवा पुनमनं सांगितलं, सर उदगीरला दुसऱ्या नावानं पुन्हा अकॅडमी काढतायत. अंबिका एका पोराच्या घोट्याला पट्टी बांधत होती. पट्टी बांधून झाल्यावर तिनं हात धुतले आणि पुनमकडून मैदानाचा नीट पत्ता विचारून घेतला.