पुऱ्या बारा व्होल्टचा साखरपुडा

आमच्या पोरीच्या साखरपुड्यात व्याही बोलले आणि त्यांना उत्तर शेळ्यांनी दिलं.

कॅसेटचा जमाना होता. सेनगावहून स्पीकर भाड्यानं आणावा, असं आमच्या घरधनिणीचं, शेवंताचं, म्हणणं.

"माझ्या पोरीच्या साखरपुड्याला भाड्याचा आवाज? न्हाई जमणार!" (शाळा दुसरीत सुटली, पण गावातले निम्मे रेडिओ मी खोलले होते. त्यातले काही पुन्हा वाजलेही!)

हिंगोलीहून कर्णा अन् सामान आणून ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवायचं मशीन, जोडला. दुकानदारानं बजावलं होतं, "मामा, बॅटरी बारा व्होल्टची. ट्रान्झिस्टरच्या ह्या पायावर सहा येतील असाच रेझिस्टर निवडा. मंग आवाजाला वर जायला बी जागा, खाली यायला बी. पुरे बारा झाले, तर हळू आवाज आतच राहील अन् मोठा निघंल तो फाटका."

"सहाच काहून? बॅटरी मी पुरी घेतली, निम्मी न्हाई!"

घरी येऊन मोठ्यातला मोठा रेझिस्टर लावत गेलो. मीटरचा काटा चढत चढत पुऱ्या बारावर टेकला. मी मिशीला पीळ दिला.

"अवो, दुकानदार सहा म्हणला ना? वाजवून तरी पाहा."

"कारागीर वाजवून पाहत न्हाई! तू पुरणाचं पाह्य."

मांडवात औंढ्याचे व्याही माईकसमोर उभे राहिले. माणूस भारदस्त, बोलणं हळू. मशीन मुकी!

"व्याहीबुवा, जरा मोकळ्या गळ्यानं!" मी म्हणालो.

ते ओरडले, "मंडळीहो, आमाला पोरगी..." कर्ण्यातून निघालं, "बेंऽऽ! बेंऽऽ!"

गोठ्यातून आमच्या साऱ्या शेळ्यांनी एका सुरात जवाब दिला. व्याही गडबडून आणखी जोरात ओरडले, तशा शेळ्या फाटक मोडून मांडवात! एकीनं हार खाल्ला, दुसरीनं व्याह्यांचं धोतर धरलं. म्होरकी तर त्यांच्याकडं अशी पाहून राहिली, जसं माहेरचं माणूस भेटलं!

पोरीचं तोंड उतरलं. मोडली सोयरिक, असंच मला वाटलं.

व्याह्यांनी धोतर सोडवलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते खो खो हसत सुटले. "पोरगी पसंत हाय! शेळ्यांनी बी होकार देला. फकस्त लग्नाला स्पीकर आमी आणू."

तो रेझिस्टर मी अजून बदलला न्हाई. रानात माझ्या हाकेला एक शेळी मान वळवत न्हाई, पण मशीनमधून ओरडलो की झाडून साऱ्या हजर!

शेवंता म्हणते, "आत्ता कुठं तुमचा खरा आवाज बाहेर आला!"